गाणे थांबल्यावर

लोर्ना परत गायला लागली ही बातमी वाळपईला आली ती १९९५ साली, आणि आमच्या घरात ती मी आणली. त्या बातमीचे अजूनही मला थोडे वाईट वाटते. बातमीचे नव्हे, मी तिचे जे केले, त्याचे.

लोर्ना कोण हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको. पण हा अंक दोडामार्ग-सावंतवाडीला आणि चोर्ला घाट चढून बेळगाव-खानापूरलाही जातो, म्हणून सांगतो. लोर्ना कोर्देरो ही मुंबईत वाढलेली गोंयकार मुलगी. मडगावचा ख्रिस पेरी हा ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजवणारा, बँड चालवणारा आणि स्वतः चाली बांधणारा माणूस. त्याने तिला कोवळ्या वयात आपल्या बँडात घेतले. चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलात तेव्हा 'व्हेनिस' नावाचा नाइट क्लब होता, तिथे हा बँड वाजत असे. पेरीने जॅझचा ठेका घेतला आणि त्यावर कोंकणी शब्द बसवले, आणि लोर्नाने ते अशा काही आवाजात गायले की साठीचे दशक संपता संपता गोव्यात तिच्या तबकड्यांशिवाय लग्न होईना. 'बेबदो', 'पिसो', 'नाचुंया कुंपासार' ही नावे आमच्या सत्तरीतल्या हिंदू घरांतल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होती. रॉक म्हणा, पॉप म्हणा, जॅझ म्हणा, आमच्याकडे या सगळ्याला तेव्हा सरसकट 'बीट' म्हणत आणि 'बीट' वाजवणाऱ्याला मुलगी देत नसत.

मग सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीलाच दोघांचे बिनसले आणि लोर्ना गायची थांबली. एक-दोन वर्षे नव्हे, वीस वर्षांहून अधिक. या वीस वर्षांत तिच्याविषयी आम्ही काय काय ऐकले! ती परदेशी गेली, ती आजारी आहे, ती मेली. करार आहे म्हणून गात नाही, शपथ आहे म्हणून गात नाही. प्रत्येक तिंठ्यावर एकेक कारण तयार असे. यातले मी एकही इथे खरे म्हणून मांडणार नाही. सांगण्यासारखे एवढेच की ज्या बाईचा आवाज घरोघर वाजत होता ती जिवंत आहे की नाही हे विचारायला कोणी गेले नाही आणि कारणे मात्र सगळ्यांकडे होती.

आमचा अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. म्हापशाला एका हॉटेलात हिशेब लिहायला म्हणून गेला आणि तिथे एका ख्रिश्चन मित्राकडून गिटार शिकला. १९६९ ते १९७५ ही सहा-सात वर्षे तो बार्देसात वाजवत होता. लग्ने, फेस्ते, कार्निव्हालाचे नाच, आणि हिवाळ्यात कळंगुट-हणजूणच्या हॉटेलांत हिप्पींसमोर. सुट्टीत घरी आला की केस मानेवर आलेले असत. बाबा त्याच्याशी बोलत नसत, आणि आई त्याला जेवताना डोक्यावर पंचा गुंडाळायला लावी, म्हणजे शेजाऱ्यांना केस दिसू नयेत. रात्री माडीवर तो मला हळूच वाजवून दाखवी. लोर्नाची गाणी त्याला सगळी येत, पेरीचे ट्रंपेटचे तुकडे तो गिटारवर काढी. आणि एका हिप्पीने त्याला दिलेली एक टेप होती, पिंक फ्लॉईड नावाच्या इंग्रज बँडची. ती ऐकून मला काही कळले नाही. अण्णा म्हणाला, "यांचा पहिला गिटारवाला वेडा झाला म्हणतात." मला गिटारवाल्यापेक्षा 'म्हणतात' हा शब्द आज जास्त आठवतो.

१९७६ च्या पावसाळ्यात बाबा गेले. अण्णा दिवसकार्यांना आला तो परत गेलाच नाही. बागायत होती, डोंगरावर काजू होते, मी कॉलेजात होतो. त्याने केस कापले, गिटार जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन तो डोंगरावर गेला. मी समजलो, वर्षश्राद्ध झाले की काढील. वर्षश्राद्ध झाले. मी समजलो, बहिणीचे लग्न झाले की काढील. तेही झाले. त्याचे स्वतःचे लग्न झाले, मुले झाली, तीही गाणी ऐकण्याच्या वयाची झाली. माळ्यावर चढायचे ते आगोटीच्या आधी कौले परतायला. तेव्हा तो गिटार एका कोपऱ्यातून उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवी, गळतीपासून दूर. एवढे मात्र दर वर्षी न चुकता.

आणि काजू! आमच्या डोंगरावर काजू म्हणजे आपोआप उगवलेली जुनी झाडे. बोंडू गोळा करावे, मळावे, भट्टी लावावी, हुर्राक काढावी, बी विकावी, एवढेच आम्हांला ठाऊक. अण्णाने वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला फेऱ्या घातल्या, कलमे बांधायला शिकला, 'वेंगुर्ला-४' ची काडी आणली. कलमाचे काम पाहण्यासारखे असते. ज्या फांदीची काडी घ्यायची, तिची पाने आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून छाटायची, म्हणजे डोळे फुगतात. मग कोवळ्या रोपाचा शेंडा कापून त्याला मधोमध चीर द्यायची, काडीला खालून पाचरीसारखा आकार द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळायची. साल सालीला मिळाली पाहिजे. केसभर सरकली तर काडी वाळते. अण्णाची बोटे हे काम करताना बघत राहावे अशी चालत. दिवसाला शंभर-शंभर कलमे बांधी. एकदा मी म्हटले, "हात गिटारवाल्याचे आहेत." तो म्हणाला, "घट्टे गेले सगळे. सहा महिन्यांत जातात." पुन्हा पट्टी आवळायला लागला.

हे सगळे माझ्या डोळ्यांदेखत चालले होते आणि तरीही मी मास्तर माणूस मनात एकच हिशेब मांडत होतो, की अण्णा वाया गेला. एवढी कला, एवढे हात, आणि काजूत!

तर १९९५ साली रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने लोर्नाला पुन्हा गायला उभे केले. 'हॅलो लोर्ना' नावाची कॅसेट निघाली, जाहीर कार्यक्रमाला माणसांचा महापूर लोटला. मी पेपर घेऊन धावतच घरी आलो. अण्णा खळ्यात बिया वाळत घालत होता. मी त्याला सगळी बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि वर म्हणालो, "बघ! तेवीस-चोवीस वर्षांनी ती उभी राहिली. तुला काय झाले?" त्याने बिया पसरणे थांबवले नाही. "तिचें गाणें तिचें," म्हणाला. "म्हाका कित्याक सांगता?"

इथे मी थांबायला हवे होते. त्या वर्षी मी गावातल्या एका मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समितीवर होतो. (मंडळाचे नाव लिहीत नाही, चूक मंडळाची नव्हती, माझी होती.) मी कार्यक्रमपत्रिकेत अण्णाचे नाव घातले. वीस वर्षांपूर्वी बार्देस गाजवलेला आपल्या वाळपईचा कलाकार, वगैरे. अण्णाला विचारले नाही. भर सभेत नाव पुकारले की माणूस नाही कसा म्हणेल, असा माझा शहाणपणा. मी तर गुपचूप माळ्यावरून गिटार काढून तिला नव्या तारा घालून आणल्या होत्या. म्हापशाच्या दुकानदाराने त्या जुळवूनही दिल्या.

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आला, वहिनींबरोबर चौथ्या रांगेत बसला. नाव पुकारले गेले. टाळ्या पडल्या. रंगमंचावर खुर्चीला टेकून ठेवलेली गिटार त्याने पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिले. तो उभा राहिला, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हांव वाजयना." आणि बसला. मागे दोन-चार तरुण हसले. कोणीतरी शिट्टी घातली. निवेदकाने प्रसंग सावरायला काहीतरी विनोद केला, त्यालाही हशा मिळाला. अण्णा कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिला. उठून गेला असता तर मला बरे वाटले असते. पुढचे चार महिने तो माझ्याशी कामापुरते बोलला. ओरडला नाही, एक शब्द लागेल असा बोलला नाही. नव्या तारा मात्र त्याने सैल केल्या आणि गिटार पुन्हा त्याच चादरीत गुंडाळली. तार ताणलेली ठेवली की मान वाकते, एवढेच कारण त्याने वहिनींना सांगितले.

मला बरीच वर्षे वाटत राहिले की यात अण्णाचे काहीतरी चुकले. दहा वर्षांनी, २००६ च्या जुलैमध्ये, पेपरात एक मृत्युलेख वाचला आणि माझा हिशेब डळमळला.

तो मृत्युलेख पिंक फ्लॉईडच्या त्या पहिल्या गिटारवाल्याचा होता. सिड बॅरेट. खरे नाव रॉजर. १९४६ साली केंब्रिजला जन्मलेला. १९६७ चा बँडचा पहिला अल्बम जवळजवळ सगळा त्याने लिहिलेला. मग मादक द्रव्ये, मग मनाचा तोल जाणे, मग रंगमंचावर नुसते उभे राहणे. १९६८ च्या आरंभी एके दिवशी बाकीच्यांनी कार्यक्रमाला जाताना त्याला गाडीत घेतलेच नाही आणि तसाच तो बँडबाहेर झाला. १९७० साली त्याचे स्वतःचे दोन अल्बम आले. १९७२ मध्ये थोडे दिवस आणखी एका बँडात वाजवून पाहिले. मग नाही.

पुढचा एक प्रसंग मी तेव्हा चार वेळा वाचला. ५ जून १९७५. लंडनच्या अॅबे रोड स्टुडिओत पिंक फ्लॉईडवाले नव्या अल्बमचे काम करीत होते. त्यातले सर्वांत मोठे, पंचवीसएक मिनिटांचे गाणे या हरवलेल्या मित्रावरच होते. त्या वेळी एक जाडा, डोके आणि भुवयाही भादरलेला माणूस स्टुडिओत येऊन बसला. बराच वेळ कोणी ओळखले नाही. तो सिड होता. ओळख पटल्यावर दोघा-तिघांच्या डोळ्यांत पाणी आले म्हणतात. मला त्यात दिसले ते वेगळेच. ज्याच्या विरहाचे गाणे चालले होते तो खोलीत बसला होता आणि गाणाऱ्यांना तो दिसत नव्हता. त्यांना हवा होता तो १९६७ चा.

त्यानंतर तो केंब्रिजला आईकडे गेला. लंडनहून एकदा तो चालत घरी गेला होता. अंतर ऐंशी किलोमीटरांच्या आसपास. सिड हे नाव त्याने टाकून दिले आणि पुन्हा रॉजर झाला. एका साध्या गल्लीतले साधे घर. आई १९९१ मध्ये गेल्यावर तो तिथे एकटाच राहिला. गावातच असलेली बहीण येऊन-जाऊन बघत असे. सायकलवरून बाजाराला जाई. बागेत काम करी. घरातले सामान स्वतःच्या हाताने ठोकून-जोडून बनवी. आणि चित्रे काढी. चित्र पुरे झाले की त्याचा फोटो काढी आणि चित्र जाळून टाकी. जुन्या गाण्यांचे पैसे त्याला मिळत राहिले. त्याच्या जागी आलेल्या गिल्मोरने ते मिळतील याची काळजी घेतली. त्यामुळे भाकरीची चिंता नव्हती. छळ होता तो दारावर येणाऱ्यांचा. चाहते यायचे, पत्रकार यायचे, दुकानातून परतताना कोणी फोटो काढायचे. तीस वर्षे ही माणसे एका माणसाच्या घरी जाऊन दुसऱ्याच माणसाची चौकशी करीत होती. २००१ साली बीबीसीने त्याच्यावर माहितीपट केला, तो त्याने बहिणीकडे बसून पाहिला. गोंगाट फार आहे म्हणाला. ७ जुलै २००६ रोजी, साठाव्या वर्षी तो कर्करोगाने वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्या सायकली, हाताने केलेले लाकडी सामान, वह्या, न जाळलेली थोडी चित्रे यांचा लिलाव झाला. एक लाख वीस हजार पौंडांच्या आसपास रक्कम आली; ती कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दिली.

जगभरच्या लेखांत या तीस वर्षांना एकच शब्द होता, शोकांतिका. बहीण मात्र सांगत राहिली की तो बागेत रमत होता, चित्रांत रमत होता, कलेच्या इतिहासावर लिहीत होता. तिचे कोणाला फारसे पटले नाही. लोकांना भुवया भादरलेला माणूस जास्त आवडतो. मी म्हणत नाही की तो सुखी होता. आजारपण होते, एकटेपणही असेल. पण त्याची तीस वर्षे मोजायची तर ती त्याच्या त्या दोन-तीन वर्षांच्या पट्टीनेच का मोजायची, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

आणि मग आमच्या केसरबाई आठवल्या. लहानपणी मी समजत असे की केसरबाई केरकर म्हणजे आमच्या सत्तरीतल्या केरीच्या, अंजुणे धरणाजवळच्या. शाळेत तसे छातीठोक सांगितलेही होते. पुढे कळले की त्या फोंड्याच्या केरीच्या. गोव्यात केऱ्या तीन आहेत आणि आमची ती नव्हे. तर या केसरबाईंनी १९६४ च्या सुमाराला जाहीर गाणे बंद केले. आवाज आपल्याच मापाला उतरेना हे पाहून थांबल्या असे सांगतात. पुढची तेरा वर्षे त्या मुंबईत घरी होत्या. ५ सप्टेंबर १९७७ ला अमेरिकेचे व्हॉयेजर यान त्यांची भैरवीची तबकडी घेऊन आकाशात गेले आणि १६ सप्टेंबरला बाई वारल्या. त्यांच्या त्या तेरा वर्षांना कोणी शोकांतिका म्हणत नाही. आम्ही म्हणतो, काय तो मान, काय ते स्वाभिमानी थांबणे! ख्यालवाली थांबली की ती संन्यासिनी, बँडवाला थांबला की तो खलास. हा भेद मी, मराठीचा मास्तर, नाट्यसंगीतावर वाढलेला, तोही करीत होतो. अण्णा जर पेटीवर भजने वाजवत असता आणि मग थांबला असता, तर मी त्याचे नाव न विचारता पत्रिकेत घातले असते का? बहुधा नाही. त्याच्या मौनाला मी मौन म्हटले असते.

शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने बरे केले. आपल्या कॅसेटी आपणच स्कूटरवरून विकणारा तो माणूस. २०२१ साली त्याने आत्मचरित्रही स्वतःच लिहून टाकले. ज्याला सांगायचे आहे त्याने सांगावे. ज्याला सांगायचे नाही त्याच्या वतीने इतरांनी तोंड उघडू नये, एवढे तरी जमायला काय हरकत आहे? (हे लिहिणारा मी अण्णाबद्दल पानेच्या पाने लिहितोच आहे. त्याला वाचून दाखवले आहे. त्याने दोन जागी खोडले, ते मी काढले.)

तो मृत्युलेख मी त्याला वाचून दाखवला होता. जुलै म्हणजे कलमांचे दिवस. पडवीत पोत्यावर बसून त्याचे काम चालले होते, बाहेर सत्तरीचा पाऊस. पाऊस असा की मला ओरडून वाचावे लागत होते. सगळे ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "म्हणजे मग वेडा नव्हता?"

"बहीण म्हणते नव्हता."

"बागेत काय लावायचा?"

ते लेखात नव्हते. तसे सांगितल्यावर तो नाराज झाला. एवढे लिहिले आणि हे लिहिले नाही! मग म्हणाला, "चित्रे जाळायचा?"

"फोटो काढून जाळायचा."

"बरें केलें ताणें."

मी धीर करून विचारले, "अण्णा, तू का थांबलास?" तीस वर्षांत पहिल्यांदा मी हा प्रश्न उत्तर ठाऊक नसल्यासारखा विचारला होता. त्याने हातातले कलम पुरे केले, पट्टीची गाठ मारली, रोप ओळीत ठेवले. म्हणाला, बाबांमुळे नाही, घरामुळे नाही; तुम्ही सगळे तसे समजता, समजा. शेवटच्या वर्षी हणजूणला वाजवताना एका रात्री त्याच्या लक्षात आले की आपण तेच तुकडे, त्याच जागी, चार महिने वाजवतो आहोत आणि समोरची माणसे तितकीच खूश आहेत. "मला त्यांचा राग आला नाही," तो म्हणाला. "माझा कंटाळा आला." मग बाबा गेल्याची तार आली. तार आली नसती तरी तो आला असता. डोंगरावर पहिल्या वर्षी त्याने बांधलेल्या कलमांतली बहुतेक मेली आणि का मेली ते कळेना, तेव्हा त्याला फार बरे वाटले होते. इतके दिवसांनी काहीतरी येत नव्हते.

ख्रिस पेरी २००२ मध्ये वारला. त्याच्या गाण्यांवर, आणि नावे बदलून त्या दोघांच्या गोष्टीवर, बार्द्रॉय बार्रेतोने 'नाचुंया कुंपासार' हा चित्रपट केला. सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. २०१५ साली मी आणि अण्णा पणजीला जाऊन तो पाहून आलो. चल म्हणालो नव्हतो. मी जातो आहे एवढेच सांगितले, तर तो चपला घालून गाडीत येऊन बसला. थिएटरात तो हालला नाही. एक-दोन गाण्यांच्या वेळी त्याचा डावा हात मांडीवर होता, तिकडे मी मुद्दाम पाहिले नाही.

येताना साखळी मागे टाकेपर्यंत दोघेही गप्प होतो. मग तो म्हणाला, "ट्रंपेट बरो वाजयला." थोड्या वेळाने म्हणाला, "आवाज मातसो चड आशिल्लो." आणि काच खाली करून बाहेर बघत, होंड्याजवळच्या कोणाच्या तरी काजूंना यंदा मोहोर उशिरा आला असे काहीतरी सांगू लागला.